विश्लेषण : ‘सांगितले तर मोबाइल काढून घेतील...’ धानोऱ्यासारख्या भागात मुलांचा ऑनलाइन छळ उघडकीस का येत नाही?

गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुका नकाशावर जंगलाचा, बातम्यांत नक्षलवादाचा आणि अभ्यासकांच्या लेखी ग्रामसभेचा. या तिन्ही ओळखींमध्ये आता चौथी भर पडते आहे, ती मोबाइलची. मनोरे उभे राहिले, घरात एक तरी स्मार्टफोन आला आणि त्याबरोबर रील्स, स्टेटस, वर्गाचे व्हॉट्सॲप ग्रुपही आले. शहरातील मुलांना ऑनलाइन जो त्रास सहन करावा लागतो, तो येथील मुलांपर्यंत पोहोचायला त्यामुळे फारसा वेळ लागत नाही. मदत मात्र त्या वेगाने पोहोचत नाही. कायदे आहेत, हेल्पलाइन आहेत, सर्वोच्च न्यायालयाचे निर्देशही आहेत. तरीही पंधरा-सोळा वर्षांची मुलगी किंवा मुलगा तोंड का उघडत नाही, याचा हा वेध.

ऑनलाइन छळ कशाला म्हणायचे?

मुले एकमेकांना चिडवतात, भांडतात आणि दुसऱ्या दिवशी एकत्र खेळतात. त्याला छळ म्हणता येत नाही. या विषयाच्या अभ्यासाचा पाया घालणारे मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांनी छळाच्या तीन खुणा सांगितल्या : त्रास देण्याचा हेतू, तो वारंवार होणे आणि दोघांच्या ताकदीत फरक असणे. मोबाइलमुळे यातील दोन खुणांचा अर्थ बदलला. ‘वारंवार’ होण्यासाठी आता त्रास देणाऱ्याने रोज काही करण्याची गरज उरलेली नाही. एक छायाचित्र एकदा टाकले की ते पुढे पाठवणारे शंभर जण असतात. ताकदही केवळ अंगातली राहिलेली नाही. ज्याच्याकडे स्क्रीनशॉट आहे तो बलवान आणि ज्याचा स्क्रीनशॉट आहे तो दुबळा.

बनावट खाते काढणे, खासगी संभाषण ग्रुपवर टाकणे, चेहरा दुसऱ्याच चित्रावर चिकटवणे, एखाद्याला ठरवून ग्रुपमधून वगळणे, ‘बोलली नाहीस तर फोटो सगळ्यांना पाठवीन’ अशी धमकी देणे ही त्याची नेहमीची रूपे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांमुळे आता खोटे छायाचित्र तयार करायलाही कौशल्य लागत नाही. पूर्वी शाळा सुटली की त्रासही सुटायचा. आता तो दप्तराबरोबर घरी येतो आणि रात्री उशाशी असतो.

धानोऱ्याचे वेगळेपण काय?

धानोरा गडचिरोली शहराच्या पूर्वेला, छत्तीसगडच्या सीमेला लागून आहे. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १० लाख ७३ हजारांच्या आसपास आणि त्यात अनुसूचित जमातींचा वाटा ३८.७ टक्के होता. धानोऱ्यात गोंड समाजाची वस्ती मोठी आहे. गावे लहान आणि विखुरलेली असल्याने अनेक मुले आश्रमशाळांत किंवा वसतिगृहांत राहून शिकतात. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२२ मध्ये देशभरातील नक्षलग्रस्त भागांतील २,३४३ मनोरे टूजीवरून फोरजीवर नेण्यास मंजुरी दिली. जिथे पूर्वी फोन लागण्यासाठी टेकडी गाठावी लागे, तिथे व्हिडीओ दिसू लागण्याचा हा प्रवास असा अलीकडचा आहे.

त्यातून तीन गोष्टी घडतात. पहिली म्हणजे फोन एकाचा नसतो, घराचा असतो. मोठ्या भावाच्या फोनवर, त्याच्याच खात्यावरून धाकटी बहीण इन्स्टाग्राम पाहते. अल्पवयीनांसाठी कंपन्यांनी केलेली सुरक्षित खात्यांची सोय तिला लागूच होत नाही, कारण ॲपच्या दृष्टीने ती बावीस वर्षांचा तरुण असते. दुसरी, मोहफूल आणि तेंदूपत्त्याच्या हंगामात पालक पहाटे जंगलात जातात. मुलांच्या फोनवर काय चालले आहे, हे पाहायला घरी कुणी नसते. तिसरी, गावात सगळे सगळ्यांना ओळखतात. मुंबईत बदनामी झालेली मुलगी शाळा बदलू शकते. येथे पुढची शाळाही त्याच ओळखीपाळखीच्या माणसांची असते आणि आठवडी बाजारात भेटणारे चेहरेही तेच.

सर्वेक्षणे काय सांगतात?

‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर २०२४’ या ग्रामीण भारताच्या सर्वेक्षणात १४ ते १६ वर्षे वयाच्या मुलांना स्मार्टफोनविषयी विचारण्यात आले. ८२.२ टक्के मुलांना तो वापरता येत होता. आधीच्या आठवड्यात ५७ टक्क्यांनी तो अभ्यासासाठी वापरला होता, तर ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. समाजमाध्यम वापरणाऱ्यांपैकी ६२ टक्क्यांना एखादे खाते ब्लॉक कसे करावे किंवा त्याची तक्रार कशी करावी हे माहीत होते. आपले खाते खासगी कसे करायचे हे ५५.२ टक्क्यांना, तर पासवर्ड बदलणे ५७.७ टक्क्यांना ठाऊक होते. म्हणजे दर दहांतील साधारण चार मुले दार लावायचे माहीत नसताना चौकात राहत आहेत.

फोन वापरता येणाऱ्यांपैकी ३६.२ टक्के मुलग्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींमध्ये हे प्रमाण २६.९ टक्के होते. मुलीचा फोनवरचा हक्क मुळात कमी आणि तो कधीही काढून घेतला जाईल असा. युनेस्कोच्या २०१९ च्या अहवालानुसार जगभरात जवळपास दर तीन विद्यार्थ्यांमागे एकाला मागील महिनाभरात शाळेतील मुलांकडून छळ सोसावा लागला होता. त्याच वर्षी युनिसेफने ३० देशांतील तरुणांचा कौल घेतला. त्यात तिघांतील एकाने ऑनलाइन छळ झाल्याचे आणि पाचांतील एकाने त्यापायी शाळा बुडवल्याचे सांगितले होते.

मग तक्रारी इतक्या कमी कशा?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात मुलांविरुद्धच्या सायबर गुन्ह्यांची संख्या देशभरात १,८२३ होती. त्यांपैकी सायबर पाठलाग आणि छळ या सदरात अवघे १५८ गुन्हे होते. कोट्यवधी मुले फोन वापरत असलेल्या देशात हा आकडा छळ किती होतो हे सांगत नाही. पोलिसांपर्यंत किती कमी पोहोचते, एवढेच तो सांगतो.

मुले गप्प का राहतात, याचे एक उत्तर अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील संशोधकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मिळते. १२ ते १७ वर्षांच्या मुलांपैकी सुमारे ९० टक्क्यांनी ऑनलाइन छळाबद्दल कोणत्याही मोठ्या माणसाला सांगितले नव्हते. ‘हे माझे मलाच निस्तरायला हवे’ असे निम्म्या मुलांना वाटत होते. जवळपास एक तृतीयांश मुलांना भीती होती की, पालकांना कळले तर इंटरनेटच बंद होईल. ही भीती लहान वयाच्या मुलींत अधिक होती.

अभ्यास दूरच्या देशातला असला तरी त्यातले गणित धानोऱ्यातही तसेच चालते, किंबहुना अधिक कठोरपणे. येथे मुलीने तोंड उघडले तर फोन जाईल, त्यापाठोपाठ कदाचित शाळाही जाईल आणि लग्नाची बोलणी सुरू होतील. मुलग्याने सांगितले तर ‘बायकांसारखा रडतोस काय’ हे ऐकावे लागेल. त्रास देणाऱ्याचे मात्र काहीच जात नाही. तक्रारीची किंमत तक्रार करणाऱ्यालाच मोजावी लागत असेल, तर गप्प बसणे हा मुलांचा भाबडेपणा नसतो. तो त्यांनी केलेला हिशेब असतो.

गडचिरोलीत हे आधी कधी दिसले आहे का?

‘तक्रार नाही म्हणजे त्रास नाही’ हा समज खोटा ठरवणारे एक महत्त्वाचे संशोधन याच जिल्ह्यातले आहे. डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी वसा व अमिर्झा या दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ५५ टक्के स्त्रियांनी स्त्रीरोगाची तक्रार असल्याचे सांगितले होते, प्रत्यक्ष तपासणीत मात्र ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक आजार असल्याचे आढळले. त्याआधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. विचारणारे, तपासणारे आणि विश्वासाने ऐकणारे कुणी आल्यावर तो त्रास जगासमोर आला.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची ‘सर्च’ ही संस्था धानोरा तालुक्यातीलच चातगावजवळच्या शोधग्राममधून काम करते. किशोरवयीनांशी शरीर, आकर्षण, संबंध आणि जबाबदारी यांविषयी मोकळेपणाने बोलणारा डॉ. राणी बंग यांचा ‘तारुण्यभान’ हा उपक्रमही याच मातीतला. ज्या विषयांवर घरात बोलले जात नाही, त्यावर मुले बोलू शकतात. त्यासाठी समोरच्या माणसाने आधी न्यायनिवाडा करायचा नसतो. ऑनलाइन छळाच्या बाबतीतही सुरुवात याच टप्प्यापासून होते.

भाषा आणि ओळख यांचा संबंध काय?

आश्रमशाळेतून किंवा गावातल्या शाळेतून तालुक्याला, जिल्ह्याला, पुढे नागपूर-पुण्याला जाणाऱ्या मुलांना भाषेवरून, रंगावरून, आडनावावरून टोमणे ऐकावे लागतात. हा छळ वर्गात सुरू होतो आणि ग्रुपवर चालू राहतो. त्याचे टोक किती गंभीर असू शकते, हे मे २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी यांच्या मृत्यूनंतर राज्याने पाहिले. तडवी भिल्ल समाजातील या २६ वर्षांच्या निवासी डॉक्टरला वरिष्ठांनी जातीवरून हिणवले, व्हॉट्सॲप ग्रुपवरही अपमान केला, असे आरोप कुटुंबीयांनी केले. प्रकरण न्यायप्रविष्ट आहे. उच्चशिक्षित, कमावत्या वयातील व्यक्तीच्या बाबतीत असे आरोप होतात, तर पंधरा वर्षांच्या वसतिगृहातील मुलाची स्थिती काय असेल, हा प्रश्न त्यातून उरतो.

कंपन्यांच्या यंत्रणांनाही भाषेची अडचण आहे. आक्षेपार्ह मजकूर ओळखणारी संगणकीय प्रणाली मोठ्या भाषांत आधी तयार होते. फेसबुकची अंतर्गत कागदपत्रे २०२१ मध्ये उघड झाली, तेव्हा हिंदी आणि बंगालीसाठीही अशा यंत्रणा उशिरा आणि अपुऱ्या तयार झाल्याचे समोर आले. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे सुमारे २९ लाख ८४ हजार होते, पण ही भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. तिच्यातील शिवी यंत्राला कळेल, अशी अपेक्षा करणे कठीण. ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर मराठी, हिंदीसह वीस भाषांची सोय आहे, पण गोंडीची नाही. मनातले दुःख दुसऱ्या भाषेत सांगताना त्यातले निम्मे सांगायचेच राहून जाते.

मनावर नेमका काय परिणाम होतो?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार १० ते १९ वर्षे वयोगटात सातांतील एकाला मानसिक आरोग्याची समस्या असते. छळ हे त्याचे एकमेव कारण नाही. गरिबी, घरातील व्यसन, परीक्षेचा ताण, जवळच्या माणसाचा मृत्यू अशी अनेक कारणे एकत्र येतात. पण आधीच वाकलेल्या फांदीवर छळाचा भार पडला की ती मोडण्याची शक्यता वाढते.

हे बहुतेक वेळा ‘मला नैराश्य आले आहे’ अशा शब्दांत बाहेर येत नाही. मुलगी पोट दुखते म्हणून शाळा टाळते. मुलगा रात्रभर जागतो आणि वर्गात झोपतो. सुट्टी संपल्यावर वसतिगृहात परत जायला नकार देतो. फोन वाजला की दचकणे, एकाएकी फोनच नको म्हणणे, जेवण सुटणे, चिडचीड, जुन्या मित्रांना टाळणे ही लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक टिकली तर ती ‘वयाचा परिणाम’ म्हणून सोडून देऊ नयेत. ‘माझ्या असण्याचा काय उपयोग’ असे शब्द ऐकू आले तर एक दिवसही थांबू नये. शांतपणे थेट विचारावे. विचारल्याने मुलाच्या डोक्यात आत्महत्येचा विचार शिरतो, हा गैरसमज आहे. उलट मोकळे होण्याची वाट मिळते.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानुसार २०२३ मध्ये देशात १३,८९२ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि त्यांत महाराष्ट्रातील संख्या २,०४६, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक होती. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१५-१६) वेगवेगळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचतच नव्हते.

कायदा काय सांगतो?

ऑनलाइन छळ या नावाचा स्वतंत्र कायदा भारतात नाही, पण त्यातील बहुतेक कृत्ये गुन्हा आहेत. मुलाशी लैंगिक हेतूने ऑनलाइन वारंवार संपर्क साधणे, त्याचे खरे किंवा बनावट अश्लील चित्र वापरण्याची धमकी देणे हे ‘पोक्सो’ कायद्याच्या (२०१२) कलम ११ खाली येते. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. म्हणजे संगणकाने बनवलेल्या खोट्या छायाचित्राची धमकीही ‘पोक्सो’त बसते. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ सी दुसऱ्याचा पासवर्ड वा ओळख वापरण्यासाठी, ६६ ई खासगीपणाच्या भंगासाठी आणि ६७ बी मुलांच्या अश्लील चित्रणासाठी आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये स्त्रीचा ऑनलाइन पाठलाग, तर ३५१ मध्ये धमकी देणे येते.

‘पोक्सो’तील काही तरतुदी पालकांना ठाऊक नसतात. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी, शक्यतो महिला पोलीस अधिकाऱ्याने आणि गणवेश न घालता घ्यायचा असतो. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. भाषा कळत नसेल तर दुभाषा द्यावा लागतो. धानोऱ्यातील गोंडीभाषक मुलासाठी ही तरतूद मोलाची आहे. मुलाचे नाव, गाव, शाळा प्रसिद्ध करता येत नाही. दुसऱ्या बाजूला, अशा गुन्ह्याची माहिती असूनही पोलिसांना न कळवणे हाही गुन्हा आहे आणि संस्थाप्रमुखाने ती लपवली तर शिक्षा अधिक आहे. त्यामुळे ‘गावातच मिटवू’ हा पर्याय अशा प्रकरणात कायद्याला मान्य नाही.

महाराष्ट्राचा रॅगिंग प्रतिबंधक कायदा (१९९९) महाविद्यालयांपुरताच आहे, असा समज आहे. प्रत्यक्षात त्यातील शैक्षणिक संस्थेच्या व्याख्येत वसतिगृहेही येतात आणि भीती, लाज वा मानसिक इजा होईल असे चिडवणे, धमकावणे हेही रॅगिंग ठरते. तक्रार मिळाल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची असते.

त्रास देणाराही अल्पवयीन असेल तर?

बहुतेक प्रकरणांत तसेच असते. अठरा वर्षांखालील मुलाचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते आणि त्या कायद्याचा रोख शिक्षेपेक्षा सुधारणेवर आहे. किरकोळ किंवा गंभीर स्वरूपाच्या कृत्यांत साधारणपणे गुन्हा न नोंदवता ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद करून मंडळाला कळवले जाते. अतिगंभीर गुन्ह्यांचा मार्ग वेगळा आहे. त्याचीही ओळख उघड करता येत नाही. गावात त्याला झाडाला बांधणे, त्याचा व्हिडीओ काढून फिरवणे हा न्याय नसतो. तो दुसरा छळ असतो.

छळ थांबवण्याची किल्ली अनेकदा तिसऱ्याच गटाकडे असते, ती म्हणजे पाहणाऱ्यांकडे. फिनलंडमधील तुर्कू विद्यापीठात विकसित झालेला ‘किवा’ हा शालेय कार्यक्रम याच तत्त्वावर उभा आहे. त्रास देणाऱ्याला मिळणारे हसू, लाइक आणि ‘पुढे पाठव’ हे त्याचे इंधन असते. चाळीस जणांच्या ग्रुपमध्ये पाच जणांनी ‘हे काढ’ असे लिहिले आणि दोघांनी त्या मुलीला ‘आम्ही तुझ्या बाजूने आहोत’ असे कळवले, तरी चित्र बदलते. मेसेज पुढे पाठवणारा मात्र ‘मी काही केले नाही’ असे म्हणू शकत नाही. अल्पवयीनाचे अश्लील चित्र पुढे पाठवणे हा स्वतंत्र गुन्हा आहे, ते साठवून ठेवणेही गुन्हा ठरू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे.

शाळांवर कोणती जबाबदारी आहे?

शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) कलम १७ नुसार मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास देण्यास मनाई आहे. राज्यातील शाळांत तक्रारपेटी आणि ‘सखी सावित्री’ समिती असणे अपेक्षित आहे. ऑगस्ट २०२४ मधील बदलापूरच्या घटनेनंतर राज्य सरकारने या व्यवस्थेचा नव्याने आग्रह धरला. त्यापुढचे पाऊल सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी सुकदेब साहा प्रकरणात टाकले. मानसिक आरोग्य हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग असल्याचे सांगून न्यायालयाने शाळा, महाविद्यालये, वसतिगृहे आणि शिकवणी वर्गांसाठी १५ निर्देश दिले. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असावा, लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी औपचारिक जोडणी करावी, शिक्षक व कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण मिळावे, हेल्पलाइनचे क्रमांक ठळक अक्षरांत लावावेत आणि छळाच्या तक्रारीसाठी गोपनीय व्यवस्था असावी, असे त्यात आहे.

कागदावरची ही व्यवस्था मुरूमगाव, पेंढरी किंवा रांगीसारख्या भागात उतरवायची तर दोन अडथळे पार करावे लागतील. एक, पात्र समुपदेशक आणायचा कुठून? आणि दुसरा, तो गोंडी जाणणारा असेल का? एका समुपदेशकाने आठवड्यातून ठरलेल्या दिवशी दोन-तीन शाळांत जाणे, स्थानिक पदवीधर तरुणींना प्रशिक्षण देऊन पहिल्या ऐकण्याची जबाबदारी सोपवणे आणि गरज लागल्यास जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागाशी जोडून देणे ही त्यातली शक्य असलेली वाट. तक्रारपेटीचेही तसेच. ती मुख्याध्यापकांच्या दाराशी असेल, तर चिठ्ठी टाकणारा कोण हे सगळ्यांना दिसते. जागा बदलली तरी पेटीचा उपयोग बदलतो.

ग्रामसभा काय करू शकते?

धानोऱ्यापासून जवळच असलेल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. हा हक्क देशात सर्वांत आधी मिळवणाऱ्या गावांत त्याची गणना होते. अभ्यासगटात विषय समजून घ्यायचा आणि ग्रामसभेत सर्वसहमतीने निर्णय करायचा, ही या गावाची पद्धत. याच तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने गोंडीतून शिकवणारी शाळा २०१९ मध्ये सुरू केली. जंगल, दारू आणि भाषा यांवर निर्णय घेणाऱ्या गावांना मोबाइलवर बोलता येणार नाही, असे नाही.

मात्र एक सीमारेषा पाळावी लागेल. ग्रामसभेत नियमांची चर्चा व्हावी, मुलांच्या प्रकरणांची नाही. परवानगीशिवाय कुणाचा व्हिडीओ काढायचा नाही, मंडईत किंवा लग्नात नाचणाऱ्या मुलींचे चित्रण समाजमाध्यमावर टाकायचे नाही, बदनामीचा मेसेज पुढे पाठवायचा नाही, असे संकेत गाव ठरवू शकते. ‘मुलींनी मोबाइल वापरू नये’ असा ठराव मात्र समस्या सोडवत नाही. तो पीडितेलाच शिक्षा देतो आणि पुढच्या मुलीचे तोंड बंद करतो. प्रत्यक्ष प्रकरण आले तर सरपंचांच्या अध्यक्षतेखालील ग्राम बाल संरक्षण समितीने ते गोपनीय ठेवून योग्य यंत्रणेकडे न्यावे. गडचिरोली पोलिसांची ‘दादालोरा खिडकी’ सरकारी योजनांसाठी गावकऱ्यांच्या परिचयाची आहे. सायबर तक्रार नोंदवायला मदत करण्याचे कामही तेथून अधिक ठळकपणे होऊ शकते.

बंदी घालून प्रश्न सुटेल?

ऑस्ट्रेलियात १६ वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई करणारा कायदा १० डिसेंबर २०२५ पासून लागू झाला. जबाबदारी मुलांवर वा पालकांवर नाही, ती कंपन्यांवर टाकण्यात आली आहे. भारतात वैयक्तिक डिजिटल डेटा संरक्षण कायदा (२०२३) अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती मागतो. कंपन्यांना जाब विचारण्याची ही दिशा योग्य असली, तरी फोन सामायिक असलेल्या घरात वय ठरवायचे कुणाचे, हा पेच राहतोच. शिवाय त्याच फोनवर शिष्यवृत्तीचा अर्ज, निकाल, अभ्यासाचे व्हिडीओही असतात. दुर्गम भागातील मुलीसाठी फोन हे बाहेरच्या जगाचे एकमेव दार असेल, तर ते बंद करण्यापेक्षा त्याला कडी बसवणे अधिक शहाणपणाचे.

मुलांनी आणि पालकांनी काय करावे?

मुलाने सांगितल्यानंतरची पहिली काही मिनिटे निर्णायक असतात. ‘तू फोटो पाठवलासच का?’ हा प्रश्न तेव्हा विचारू नये. ‘सांगितलेस ते बरे केलेस, यात तुझी चूक नाही, तुझा फोन काढून घेणार नाही’ ही तीन वाक्ये पुरेशी आहेत. धमकी देणाऱ्याला पैसे देऊ नयेत, आणखी छायाचित्रे पाठवू नयेत आणि त्याच्याशी वाद घालू नये. खाते ब्लॉक करण्याआधी स्क्रीनशॉट, खात्याचे नाव, लिंक, तारीख आणि वेळ जपून ठेवावी. मात्र छायाचित्र अश्लील असेल तर ते कुणालाही, अगदी मदतीसाठीही, पाठवू नये. धमकीच्या मजकुराचा पुरावा ठेवून फोन पोलिसांना दाखवावा. त्यानंतर ॲपमध्येच तक्रार करावी. माहिती तंत्रज्ञान नियम, २०२१ नुसार नग्न किंवा बनावट अश्लील चित्राच्या तक्रारीवर कंपनीने दोन तासांच्या आत पावले उचलणे बंधनकारक आहे; फेब्रुवारी २०२६ मधील दुरुस्तीपूर्वी ही मुदत २४ तासांची होती. अठरा वर्षांखालील मुलांसाठी ‘टेक इट डाउन’ ही मोफत आंतरराष्ट्रीय सेवाही आहे. तेथे चित्र पाठवावे लागत नाही. फोनवरच त्याचा अंकीय ठसा तयार होतो आणि सहभागी कंपन्या तो वापरून ते चित्र शोधून हटवतात.

संकटातील मुलांसाठी १०९८, सायबर तक्रारीसाठी १९३० आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टल, तातडीच्या मदतीसाठी ११२, तर मानसिक आधारासाठी टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास सुरू असतो. हे चार क्रमांक वर्गाच्या भिंतीवर लिहिण्यास कोणत्याही निधीची गरज नाही. मुले ते फिरवतील की नाही, हे मात्र त्या भिंतीवर ठरत नाही. गावात याआधी ज्या मुलीने सांगितले, तिचे पुढे काय झाले हे मुले पाहत असतात. तिचा फोन, तिची शाळा आणि तिचे नाव शाबूत राहिले, तर दुसरी मुलगी बोलेल.